इराण्याचं कुंड

नदी हाकेच्या अंतरावर असताना आमच्या कुंभेरीत निर्माल्य, घट सगळं या एवढ्याशा कुंडात का सोडतात, असं येणारा प्रत्येकजण विचारतो. तुम्हीही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. बसा त्या पायरीवर. कडेला नको, शेवाळ आहे.

फार पूर्वी इथे खुदादाद नावाचा इराणी राहत होता म्हणे. गाव यज्द, पार समुद्रापलीकडे. इथे त्याची पावाची भट्टी होती. एकटा जीव. वर्षभर आपल्यातलाच होऊन राहायचा, पण पाडव्याच्या सुमारास त्यांचं नवं वर्ष, नवरोज, आलं की त्याचा जीव गावाकडे ओढायचा. मग आरसा, दिवा, सफरचंद मांडायचा. इथे कुठलं सफरचंद? पेरू ठेवायचा बिचारा. आणि ताटलीत गहू रुजवायचा, आपण घटाला रुजवतो तसे. तेराव्या दिवशी ते अंकुर वाहत्या पाण्यात सोडायचे, घरातली इडापिडा त्यांच्याबरोबर जाते, अशी त्यांची रीत. दुसऱ्याच्या अंकुरांना मात्र हात लावायचा नाही. हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे कुणाला सांगायला हवं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

एका वर्षी तो महिनाभर तापाने फणफणला होता, असं सांगतात. तेराव्या दिवशी कसाबसा नदीवर गेला, ताटली सोडली, आणि खरंच बरा झाला. खाली वळणावर नावाड्याची बायको भागू धुणं धुवत होती. हिरवेगार अंकुर वाहत आलेले पाहून तिला वाटलं, कुणाच्या तरी घटाचा प्रसाद. तिने ताटली घरी नेली, चार अंकुर लेकीच्या वेणीत माळले. तिसऱ्या दिवशी ती लेक, ठकी, तापाने गेली.

खुदादाद भेटायला गेला आणि देव्हाऱ्यात त्याला आपली ताटली दिसली. तो उंबऱ्यातच खाली बसला.

"बाई, ही माझी. माझा ताप मी तुझ्या दारात सोडला."

भागूने देव्हाऱ्यातली ताटली उचलून त्याच्यापुढे ठेवली.

पुन्हा आपल्या घरचं काही कुणाच्या दारी जायला नको, म्हणून त्याने इथे झऱ्यापाशी कुंड खणायला घेतलं. दुपारी भट्टी बंद केली की कातळ फोडायचा. पाच वर्षं. लोकांनी समजावून पाहिलं, त्याने ऐकलं नाही. भागू पाणी न्यायला यायची, त्याचे सोललेले हात बघायची आणि मान खाली घालून निघून जायची.

कुंड भरलं त्याच वर्षी तो वारला. पुढच्या नवरोजला गहू रुजवले ते भागूने. तेराव्या दिवशी ताटली घेऊन इथे आली आणि सगळ्या गावासमोर बोलली.

"ठकीला ताप आदल्या दिवशीच चढला व्हता. तिला तशीच टाकून मी धुण्याला गेले. हा म्हनला माझ्यामुळं झालं, तवा मला हलकं वाटलं. तेवढ्यासाठी मी ह्याला पाच वर्सं दगड फोडू दिला."

ही भागू म्हणजे माझ्या आजेसासूची सासू.

आजही आमच्या घरी गहू रुजतात. तेराव्या दिवशी पहिली ताटली इराण्याच्या नावाची, मग गावाच्या. ती आमच्या घरातल्या थोरल्या बाईने सोडायची आणि मोठ्याने म्हणायचं, "दादा, ताप आदल्या दिवशीचा होता." आता थोरली मीच. दरवर्षी म्हणते, आणि दरवर्षी ताटली थोडी फिरून परत माझ्याच पायाशी येते. हे पाणी कुठे वाहून जात नाही ना.