तीन खडे मिठाचे

एकदा काय झालं, एका मुलीच्या खांद्यावर पीस उगवलं.

हसू नका. खरंच पीस. पांढरं, बोटभर लांब. मुलीचं नाव द्वारकी. तांबळी नावाच्या बंदरातली. ती मोठ्या गलबतावर शिडं शिवायची. वारा शीड फाडायचा, ही शिवायची. वर्ष वर्ष समुद्रावर. या देशातून मिरी, त्या देशातून लवंग, आणि वर्षातून एकदा, फक्त तीन दिवस, घरी. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाला की गलबत सुटायचं. मग पुन्हा वर्षभर नाही.

आता ऐका. गलबतावरून उतरताना दर्यामाय प्रत्येकाच्या जिभेखाली मिठाचे तीन खडे ठेवते. कशाला? तर निरोपासाठी. आपण कुणाच्या घरून निघताना काय म्हणतो? 'जाते' म्हणतो का? नाही. 'येते' म्हणतो. आणि समोरचा म्हणतो, 'ये.' झालं. गलबतावरच्या माणसाने असं 'येते' म्हटलं की एक खडा विरघळतो आणि त्या उंबऱ्याची दोरी त्याच्या पायाला बांधली जाते. मग तो कुठेही असो, वर्षाने त्या उंबऱ्याशी परत येतोच. पण खडे तीनच, बरं का. चौथं 'येते' तोंडातून निघतच नाही.

तीन पुष्कळ झाले, असं वाटतं ना? द्वारकीला पुरत नसत. कारण तांबळीत मोठी माणसं फार.

रीतच तशी होती. परदेशाहून आलेल्याने आधी मोठ्यांच्या पाया पडायचं. पहिल्या दिवशी आबाकाका. दुसऱ्या दिवशी भीमाआत्या. तिसऱ्या दिवशी शाळेचे पंतोजी. मग राहिलंच काही, तर स्वतःचं घर. आणि ही रीत द्वारकीला कोण सांगायचं? तिची आई. धक्क्यावर उभी राहून सांगायची, "आधी मोठ्यांकडे जाऊन ये गं. आम्ही काय, घरचेच."

पहिल्या वर्षी द्वारकी घरी पोचली तेव्हा सूर्य बुडत होता. तोंडात खडा नव्हता. धाकट्या बहिणीला, बकुळला, काही न बोलताच निघाली. त्या वर्षी बकुळ तिचा चेहरा विसरली. आणि समुद्रावर द्वारकीच्या खांद्यावर ते पीस उगवलं.

दुसऱ्या वर्षीही तेच. बकुळ तिचा आवाज विसरली. पिसं कोपरापर्यंत आली.

मग तिसऱ्या वर्षी म्हाताऱ्या नाखव्याने तिची बाही वर केली. मग म्हणाला, "पोरी, घरी कोणीतरी तुला विसरतंय. चेहरा गेला, आवाज गेला. आता नाव गेलं की तू कुरव होशील. शिडाभोवती ओरडत फिरतात ना, ते पांढरे पक्षी? ती सगळी माणसंच होती."

"पण आबाकाकांना माझं नाव पाठ आहे की," द्वारकी म्हणाली.

"मिरवायला पाठ असलेलं नाव धरत नाहीत," नाखवा म्हणाला. "जो वाट बघतो त्याचं धरतात. या खेपेला एक खडा घरासाठी ठेव. नाहीतर शिडाची सुई मला देऊन ठेव, तुला पुढे लागायची नाही."

द्वारकी धक्क्यावर उतरली. आई उभी होती. आईच्या पदराआड बकुळ. सहा वर्षांची. परक्या बाईकडे बघावं तशी बघत होती.

"आई, आधी घरी येऊ दे मला," द्वारकी म्हणाली. "माझ्याकडे तीनच खडे..."

"पुरे गं त्या खलाशांच्या गप्पा. आबाकाका सकाळपासून ओट्यावर बसलेत. लोक काय म्हणतील? जा. गोड बोल. आम्ही काय, घरचेच."

आईने ऐकून घेतलं नाही. आयासुद्धा ऐकत नाहीत कधीकधी, बरं का. लक्षात ठेवा आणि तुमच्या आईला सांगू नका.

मग द्वारकी आबाकाकांकडे गेली. ओट्यावर वीस माणसं बसवलेली. काकांनी तिला मधोमध उभं केलं. "ही आमची द्वारकी! मीच पाठवली हिला. मी म्हटलं, मुलगी असली म्हणून काय झालं?" खोटं. पाठवायच्या वेळी याच काकांनी तीन दिवस अन्न सोडलं होतं. पण वीस माणसांत कोण बोलणार? मग लवंगा वाटून झाल्या. मग जेवण. मग सगळ्यांना सात देशांची नावं सांगून झाली. द्वारकीने बाही घट्ट धरून ठेवली होती. "थंडी वाजते का गं?" काकांनी विचारलं आणि उत्तर येण्याआधीच तोंड फिरवलं.

द्वारकीने मनात ठरवलं होतं. गर्दीतून गुपचूप निघायचं. बोलायचं नाही. पण निघताना पाया पडली, आणि पाया पडल्यावर जिभेची सवय हो, निघूनच गेलं, "येते काका."

"हं, ये ये," काका म्हणाले. पान लावत होते. बघितलंही नाही.

खडा विरघळला. पिसं मनगटापर्यंत आली. एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी भीमाआत्या. द्वारकीने ओठ मिटूनच घेतले होते. आत्याने घावन वाढलं, खाल्लं. रस वाढला, प्याली. आत्याने विचारलं, "लग्न कधी?" मान हलवली. "त्या चिंतूच्या मुलीला दोन मुलं झाली. तू शिडंच शीव." मान हलवली. "वाळलीस किती. काळी पडलीस किती. तुझी आई काही बोलत नाही का तुला?" मान हलवली. संध्याकाळी द्वारकी उठली, तर आत्या जाऊन उंबऱ्यावर आडवी बसली. आणि रडायलाच लागली.

"माझ्या दारातून मुक्याने जाणार? यासाठी का गं मी तुला वाढवलं?" आई घरात असताना आत्याने वाढवलं बिढवलं काही नव्हतं. "जा, जा. मी मेल्यावर ये तोंड बघायला. शेजारणी बघतायत, बघू देत."

शेजारणी खरंच बघत होत्या. द्वारकी तासभर उभी राहिली. आत्या तासभर रडली. तिच्यात दम होता. शेवटी द्वारकीच थकली. "येते आत्या."

"ये हो माझी बाय!" आत्याने लगेच डोळे पुसले. "आणि पुढच्या खेपेला दालचिनी आण. लवंगा काकांकडून मिळतातच."

दुसरा खडा विरघळला. पिसं खांद्यावरून गळ्याकडे आली. दोन दिवस गेले. झोपलात का? नाही ना? झोपू नका इतक्यात. आता पंतोजी.

या पंतोजींनी द्वारकीला शाळेतून काढलं होतं. आठ वर्षांची असताना. का? तर तिने विचारलं, "समुद्राच्या पलीकडे काय आहे?" आणि पंतोजींना माहीत नव्हतं. एवढंच. आता मात्र ते तिला बाकांसमोर उभं करून म्हणत होते, "मुलांनो, ही माझी विद्यार्थिनी." मग तिने बंदरांची नावं सांगायची, मुलांनी पाटीवर लिहायची, आणि चुकलं की पंतोजींनी कान पिळायचा. नाव त्यांनाही येत नव्हतं. पण कान पिळता येत होता.

सकाळ गेली. दुपार गेली. सूर्य शाळेच्या खिडकीत आला. द्वारकीच्या जिभेखाली एकच खडा. ती तो जिभेने चाचपत होती, आहे ना, आहे ना.

"पंतोजी, निघायला हवं."

"थांब. हे काय?" पंतोजींनी तिची बाही सारली. तीन दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याकडे नीट बघितलं. आणि बघून काय केलं? "वा! लिहायचा टाक करायला उत्तम पीस आहे," म्हणाले, आणि उपटलं.

रक्त आलं. खरं रक्त, माणसाचं.

"अहो, दुखलं!"

"एवढंसं पीस. गुरूसाठी एवढंही नको का? बरं, जा आता. म्हण."

सगळी मुलं बघत होती. द्वारकीने उंबरा ओलांडला. मागे वळली. आणि म्हणाली,

"जाते."

तांबळीत हा शब्द फक्त मेलेल्या माणसासाठी होता. कोणी कुणाच्या दारात तो कधी उच्चारलाच नव्हता.

"काय म्हणालीस? अगं, येते म्हण! येते म्हण!"

"जाते म्हणाले. तुमच्या दारात परत येणार नाही मी."

आणि दार आपोआप बंद झालं. धाडकन. आतून उघडेना, बाहेरून उघडेना. मुलं खिडकीतून उड्या मारून पळाली. पंतोजी खिडकीत अडकले. पोट मोठं होतं.

द्वारकी धावत सुटली. बातमी तिच्या पुढे धावली. आबाकाका ओट्यावरून उठले. भीमाआत्या पदर खोचून निघाली. "थांब! शब्द मागे घे! घराण्याचं नाव घालवलंस!" मागून सगळं गाव. गलबतावर शिंग वाजलं. एकदा. तीनदा वाजलं की सुटणार.

घराच्या दारात आई उभी होती. तिलाही कळलं होतं. तिचा चेहरा पांढरा.

"अगं, आधी परत जा. पंतोजींच्या पाया पड. एक 'येते' राहिलंय म्हणतेस ना, ते तिथे म्हण. आम्ही काय, घरचेच."

द्वारकी धापा टाकत होती. पिसं हनुवटीपर्यंत आली होती. बोटं एकमेकांना चिकटायला लागली होती.

"घरचे म्हणून शेवटी का गं, आई?" ती म्हणाली. "दर वर्षी सगळ्यांना वाटून जे उरेल ते घरच्यांना. तीन वर्षांत काहीच उरलं नाही. ही बघ माझी बोटं. बघ तरी."

आईने बघितलं. पहिल्यांदाच बघितलं. आणि तोंडावर हात धरला.

शिंग दुसऱ्यांदा वाजलं.

बकुळने आईचा पदर ओढला. "आई, ही कोण?"

द्वारकी गुडघ्यावर बसली. बकुळच्या डोळ्यांसमोर डोळे आणले. आणि म्हणाली, "येते."

शेवटचा खडा विरघळला. तोंड खारट झालं आणि मग कोरडं.

पण नुसतं म्हणून भागतं का? कोणीतरी 'ये' म्हणायला हवं ना. नाहीतर शब्द वाऱ्यावर.

"कोणी उत्तर द्यायचं नाही!" आबाकाका मागून ओरडले. "आधी ती माफी मागेल!"

आत्या म्हणाली, "वहिनी, तोंड उघडाल तर याद राखा."

आईने काकांकडे बघितलं. आत्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज नाही आला. आयुष्यभर जे मोठ्यांचं ऐकत आले, त्यांचा आवाज असा ऐन वेळी जागा होत नाही. पिसं द्वारकीच्या गालावर आली. ती काही बोलायला गेली, तर घशातून नुसतं 'क्री' निघालं.

बकुळने तिच्याकडे बघितलं. खूप वेळ. गालावरचं पीस बोटाने बाजूला केलं.

"मला हिचं नाव माहीत नाही," ती म्हणाली. "पण ये. तू ये हं."

बस. गालावरचं पीस गळलं. मग गळ्यावरचं. मग खांद्यावरची, हाताची, सगळी, झाड हलवल्यासारखी. अंगणभर पांढरं झालं. द्वारकीने मुठी उघडल्या, बोटं सुटी होती.

तेव्हा आईला आवाज फुटला. "ये गं, द्वारके, ये." उशिरा म्हणाली. पण म्हणाली. काकांच्या समोर म्हणाली.

शिंग तिसऱ्यांदा वाजलं, आणि द्वारकी अशी धावली, अशी धावली, की शेवटच्या फळीवरून तिने गलबतावर उडीच मारली.

मग वर्षाने ती आली. काकांचा ओटा सजलेला होता. वीस माणसं बसली होती. द्वारकीचे पाय त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेले. काकांचं 'ये' पान लावतानाचं, आत्याचं दालचिनीपुरतं; त्या दोऱ्या सैलच होत्या, बकुळची तेवढी ओढत होती. आई धक्क्यावर नव्हती, घरी चुलीपाशी होती. बकुळ दारात बसली होती.

"तूच ना ती, जिला मी ये म्हटलं?"

"हो, मीच."

"मग नाव काय तुझं?"

विसरलेलं परत आलं नाही, बरं का. तसं होत नाही. बकुळला बहिणीचा चेहरा, आवाज, नाव, सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. त्याला तीन दिवस लागले. पूर्ण तीन दिवस, घरातच. पण या वेळी शिकली ते पक्कं.

आबाकाका दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा प्यायला आले. कुणाचं काही बिघडलं नाही. आत्याला दालचिनी मिळाली, पण ती घेऊन जायला तिलाच यावं लागलं. पंतोजी अजून खिडकीतून शाळेत जातात. आणि द्वारकी दर वर्षी जाते, दर वर्षी येते, आधी घरी. सगळे सुखात आहेत. काही जरा कुरकुरत, पण सुखात.

झाली गोष्ट. आता पाय आत घ्या, कुशीवर वळा आणि डोळे मिटा. कोण कुजबुजतंय ते? झोप म्हटलं ना.