रुपेरी फुप्फुसं

फार जुनी गोष्ट आहे. गडांना अजून नावं पडायची होती, त्या काळातली. मुलांनो, ऐका, मोठ्यांनो, तुम्ही तर ऐकाच.

एका राजधानीत सोनारांची आळी गडाच्या उंच तटाला चिकटून होती. तटामुळे वारा यायचा नाही. भट्ट्यांचा धूर तिथंच कोंडायचा, आणि आळी खोकत खोकत राजवाड्याचे दागिने घडवायची.

तिथल्या एका सोनाराची मुलगी दूरदेशी वैद्यांकडे शिकून परतली. माणूस आतून कसा असतो, ते तिनं पाहिलं होतं. बापाचा खोकला ऐकताच ती हादरली. तटात एक झरोका पाडला, धूर निघून गेला, तरच आबा वाचणार होते.

"राजाला नुसतं सांगून कळायचं नाही," ती म्हणाली. "दाखवायला हवं."

तिनं चांदीची तळहाताएवढी फुप्फुसं घडवली. श्वासनळीच्या फांद्या तारेच्या, टोकांना बारीक मण्यांचे घोस. मग धुरावर धरून ती काळी केली, आबांच्या छातीत असतील तशी.

दरबारात जायला निघताना पाहते तो फुप्फुसं लखलखत होती!

"आबा, हे काय केलंत?"

"रिठ्यानं घासली," म्हातारा तोऱ्यात म्हणाला. "काळा दागिना राजापुढं न्यायचा? लोक म्हणतील, सोनाराच्या पोरीला साधा उजाळा देता येत नाही!"

त्याचा फुललेला चेहरा पाहून तिला ती पुन्हा काळी करवेना.

"महाराज, माणसाच्या छातीत हे असं असतं," दरबारात ती म्हणाली. "धूर इथं बसतो. आमच्या आळीत..."

"अगबाई, किती नाजूक!" राणीनं ती उचलून साखळीत अडकवून गळ्यात घातलीसुद्धा.

राजा हसला. "झरोक्याचं मागाहून पाहू. आधी राणीसाहेबांच्या सख्यांसाठी अशीच घडवा."

मग काय! सगळ्या नगरीला फुप्फुसं हवी झाली. भट्ट्या विझेनात. मुलीनं झरोक्याचा विषय काढला की शेजारी खेकसत, "गप बस गं! कधी नव्हे ते काम आलंय. खोकला काय, आमच्या आज्यालाही होता."

तिनं हत्यार खाली ठेवलं. आबांनी ते उचललं. एक दिवस फुंकणी तोंडाशी धरूनच ते गेले. त्यांच्यामागून आणखी कितीतरी गेले. उरलेल्यांना घेऊन मुलगी ते राज्य सोडून निघून गेली.

पुढं राणीला तशीच कर्णफुलं हवी झाली. शिपाई आळीत आले, तर भट्ट्या थंड आणि दारं उघडी. कारागीर परत यावेत म्हणून राजानं त्याच दिवशी तटाला झरोका पाडला.

स्वच्छ वारा आळीभर फिरला. श्वास घ्यायला तिथं कुणी नव्हतं.

तात्पर्य: दुःखाला दागिन्याचं रूप दिलं, की लोक ते मिरवतात, दूर करत नाहीत.