परमगुरू सेरेनो आणि क्रुसाची पायरी

वसईच्या माळवाडीत चर्चच्या मागे एक बावखल आहे, केळीच्या बागांना पाणी देणारं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या शेवटच्या पायरीवर क्रूस कोरलेला आहे आणि पाणी भरणारी बाई नेमका त्याच्यावरच पाय रोवून उभी राहते. पाहुणे मात्र बिचकून कडेने उतरतात. मग ओट्यावरून वाडीतले म्हातारे इनासबाबा हाक देतात, "त्यावरच पाय द्या. परमगुरूंचा हुकूम आहे." आणि सगळ्यांना जवळ बसवून गोष्ट सांगतात.

फार जुन्या काळी रोमला सेरेनो नावाचे परमगुरू, म्हणजे पोप, होते म्हणे. असं नाव रोममध्ये कुणाला ठाऊक नाही, असं मागे एक पाहुणा म्हणाला होता. "रोमवाले विसरले असतील," बाबा शांतपणे म्हणाले, "माळवाडी विसरली नाही."

तर सेरेनोंच्या काळात उत्तरेच्या एका राजाने शहराला वेढा घातला. डोंगरातलं पाणी दगडी बोगद्याने तटाखालून शहरात येई. राजा धूर्त होता. धर्मासाठी प्राण दिलेल्या रक्तसाक्ष्यांची थडगी शहराबाहेर होती. त्यांवरचे क्रुसाचे दगड त्याने उपटले आणि त्यांनीच बोगदा शहरातल्या तोंडापर्यंत गच्च बुजवला. त्याला ठाऊक होतं, रोमची माणसं या दगडांना हात लावणार नाहीत.

तसंच झालं. हौद आटले, तरी लोक बोगद्याच्या तोंडाशी जमून गुडघे टेकू लागले. दगडांवर फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या. ज्या दगडांनी पाणी अडवलं होतं, त्यांच्याकडेच ते पाणी मागत होते.

सेरेनोही रोज तिथे प्रार्थनेला येत. पण त्यांना दगडांमागे कोंडलेल्या पाण्याची घरघर ऐकू येई आणि त्यांचे शब्द अडखळत. एके सकाळी एका बाईने आपलं मूल त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मुलाचे ओठ फुटले होते. ती म्हणाली, "परमगुरू, उद्या आम्ही वेशीचं दार उघडणार. राजा मारेल, पण आधी पाणी तर पाजेल."

सेरेनो उठले. अंगावरचा जरीचा झगा उतरवून त्यांनी पहिल्या दगडाला हात घातला.

वृद्ध धर्मगुरू मार्चेलो आडवे आले. "तेलाने अभिषेक झालेला हात आहे हा. थडग्याच्या दगडाला लावाल तर झडून जाईल."

"झडला तर दुसरा आहे."

"आणि तोही झडला तर आशीर्वाद कशाने देणार?"

"हे लोक जगले, तर त्यांच्याकडून मी घेईन," सेरेनो म्हणाले. मनातून ते भ्यालेच होते, असं सांगतात. दगडावर ओठ टेकून ते पुटपुटले, "तुम्ही आमच्यासाठी रक्त दिलंत. पाण्यासाठी आडवे याल, हे मला खरं वाटत नाही. चूक माझी असेल, तर शिक्षा मला एकट्याला करा."

दगड हलला. त्यांनी तो पाठीवर घेतला आणि वाकून चालू लागले. लोक त्यांच्या हातांकडे बघत राहिले. हात धडधाकट होते. मग ती बाई पुढे झाली, मग सगळं शहर. मार्चेलोंनी तर सर्वांत जड दगड उचलला म्हणे. शेवटचे दगड पाण्याने स्वतःच ढकलून दिले. कारंजी उसळली, घंटा वाजू लागल्या, माणसं चिंब भिजून एकमेकांच्या गळ्यात पडली. तटाबाहेर राजाने तो गलका ऐकला आणि तळ हलवला.

ते दगड पुन्हा थडग्यांवर न्यायचे का, असं लोकांनी विचारलं. सेरेनो म्हणाले, "पाणवठ्याला लावा. तहानलेल्याचा पाय लागला तर रक्तसाक्ष्यांना आनंदच होईल."

कुणा जुन्या मिशनऱ्याने ही गोष्ट माळवाडीत आणली आणि इथल्या लोकांनी बावखल खोदताना क्रुसाची पायरी बसवली. आजही चर्चच्या सणाच्या दिवशी मिस्साच्या उपासनेआधी फादर अनवाणी बावखलात उतरतात आणि गाळाची पहिली पाटी स्वतः डोक्यावर घेऊन वर येतात. त्यांच्यामागे सारी वाडी उतरते. मग त्याच गाळाने माखलेल्या हातांनी फादर प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद देतात, आणि घरी गेल्यावर कपाळावरचा तो चिखल कुणी लगेच पुसत नाही.