लांडग्याचे कोठार

नदीच्या अलीकडच्या जंगलावर एका सिंहाचे राज्य होते. पलीकडच्या रानकुत्र्यांशी लढाई जुंपली, तेव्हा शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून त्याने हुकूम काढला, की प्रत्येकाने आपल्या बिळातले, ढोलीतले दाणे आणून द्यावेत. जंगलाचे तीन भाग झाले. प्रत्येक भागात एका गुहेत कोठार आणि कोठारावर एक अधिकारी. मुलांनो, इथवर सिंहाचे काही चुकले नव्हते.

अधिकारी व्हायला मोर आला, माकड आले. सिंह म्हणाला, "तुम्ही दाणे खाणारे. तुमच्या तोंडाला पाणी सुटणार. ज्याला दाणा लागतच नाही, तोच कोठारावर बसेल." मग डोंगरावर तरस नेमला, नदीकाठी गिधाड आणि पश्चिमेच्या दरीत लांडगा. "माझा निरोप आल्याशिवाय एक दाणा हलता कामा नये," असे तिघांना बजावून सिंह लढाईवर गेला. लांडगा इमानी होता. गुहेच्या तोंडावर धोंडा लावून तो तिथे बसला तो बसलाच.

पुढे अवेळी पाऊस लागला. चार दिवस गुहेचे छत गळत राहिले. पाचव्या दिवशी ऊन पडले, तशी एक म्हातारी मुंगी आली. "लांडगेराव, दाणे उन्हात काढा. आम्ही मुंग्या पाऊस उघडला की पहिले तेच करतो."

"आणि वाळेपर्यंत अर्धे तुझ्या वारुळात जातील. मी खुळा नाही, म्हातारे."

"तुम्ही कधी दाणा चावून पाहिलाय का?"

"नाही. म्हणून तर मला नेमलंय," लांडगा ताठ मानेने म्हणाला. मुंगी आणखी दोनदा आली. त्याने तिला दोन्ही वेळा हाकलले.

झाडांवर आता काही उरले नव्हते. एके सकाळी एक खार तीन पिल्ले घेऊन आली. तिचा नर लढाईत पडला होता. "मामा, आतली चारोळी मीच वेचून आणली होती. माझी मला मूठभर द्या. पिल्लं दोन दिवस उपाशी आहेत."

"निरोप आला नाही, खारूताई."

"निरोप येईल तेव्हा ही असतील का?"

पिल्लांकडे लांडग्याला पाहवेना. तो उठला, त्या दिवसापुरते राखलेले आपले हाड त्याने तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "हे ने. मी आज उपाशी राहीन." त्याच्याजवळ तेवढेच होते. खार हाडाकडे पाहत राहिली. मग पिल्लांना घेऊन निघून गेली. हाड तिथेच पडले. तिने ते का नेले नाही, हे लांडग्याला उमगले नाही. उलट त्याला थोडा रागच आला.

नऊ दिवसांनी निरोप आला. लढाई जिंकली होती, कोठार उघडायचे होते. लांडग्याने तोंडावरचा धोंडा सारला आणि आतून कुबट वाफ आली. वरच्या दाण्यांना पांढरे कोंब फुटून सुकले होते. खाली सगळा काळा, बुरशी धरलेला गोळा झाला होता. पंजाने उकरले तरी धड दाणा निघाला नाही.

खार आली होती. तिच्याबरोबर एकच पिल्लू होते. तिने एक चारोळी उचलली, हुंगली आणि परत ठेवली.

"मी यातला एक दाणासुद्धा खाल्ला नाही," लांडगा म्हणाला.

"ठाऊक आहे, मामा," खार म्हणाली. "तुम्हाला चोर कोण म्हणतंय?"

सिंहाने त्याला इमानदारीबद्दल शाबासकी पाठवली. ती घ्यायला तो गेला नाही. पाऊस उघडून ऊन पडले की मुंग्या दाणे वाळत घालतात. त्या वाटेने जाताना लांडगा अजून थांबतो आणि एकाही दाण्यावर पाय पडू न देता, लांबून वळसा घालून जातो. त्या दोन पिल्लांना त्याचा काही उपयोग नाही.

तात्पर्य : अन्नावर नेमायचा माणूस चोर नसला एवढ्याने भागत नाही, त्या अन्नाची भूक त्याने स्वतः सोसलेली असावी.