शब्द पुरवणारी

“मग ठेवू की पाठवू, बाई? एवढंच सांगा.”

शर्वरी डोंगरातल्या आश्रमशाळेतून परतवाड्याला उतरली होती ती या एका प्रश्नासाठी. उद्या सकाळी तिच्या वर्गातल्या सुमरतीचा बाप शाळेत येणार होता. मुख्याध्यापकांनी हात झटकले होते. वर्ग तुमचा, तुम्हीच ठरवा. पोरगी शाळेत राहायची, की परत ढोरांमागे जायची.

कमलबाई ढवळे खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या तालुक्याला त्यांनी वाचायला शिकवलेलं, शर्वरीलाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा, आणि शब्द लांबून, थकून यायचे.

“ती... कशी...”

“कशी वाचते? वाचतच नाही हो. घरी कोरकू, वर्गात मराठी. त्यात अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागच्या जागी राहत नाहीत. हुशार आहे, बरं का. हिशेब तोंडी करायची. पण पुस्तक उघडलं की संपलं.”

बाईंनी मान हलवली. त्यांना हे विचारायचं नव्हतं.

“ती... जेव्हा...”

“जेव्हा अडते, तेव्हा ना? तेव्हा मी आहेच!” शर्वरीच्या आवाजात जरा तोरा आला. “एकदाही रागावले नाही, बाई. ती तोंड उघडून नुसती थांबली, की पुढचा शब्द मी दिला. पोरांसमोर ताटकळू दिलं नाही. आमच्याकडे इतकं कोणी करत नाही कुणासाठी.”

“मग...”

“मग काय! दिवाळीपासून तिनं तोंडच उघडलेलं नाही. आता तर खेळतानाही नाही. भिंतीकडे बघत बसते...”

बाईंनी डोळे मिटले.

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली.

“मला... जरा...” बाई म्हणाल्या.

“जरा थंडा करून. समजलं मले.” तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली, उशी सारखी केली, पदराचं टोक नीट खोचलं. मग शर्वरीकडे वळून हसली. “आईले काय पायजे, ते मले आधीच समजते. बोलाचा तरास काऊन द्याचा त्यायले?”

ती गेली.

बाईंनी चहा घेतला नाही. डाव्या हातानं बशी हळूच दूर सारली, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

शर्वरी दचकली. हे तोंड फिरवणं तिच्या ओळखीचं होतं. रोजचं होतं.

ती काहीतरी बोलायला गेली... आणि ओठ दातांखाली दाबून बसली.

पंखा कुरकुरत होता. बशीतल्या चहावर साय धरली. शर्वरीच्या घशाशी वाक्यं येत होती आणि परत जात होती.

“सगळे...” बाई म्हणाल्या.

...

“सगळे... माझ्याशी... फार... चांगले वागतात.”

त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. पुसायला शर्वरीचा हात पुढे झाला, आणि मध्येच थांबला. बाईंनीच पुसलं. डाव्या हातानं. सावकाश.

“बाई... उद्या तिच्या बापाला काय सांगू?”

बाहेर कोणाची तरी सायकल लावून झाली, कडी वाजली, पावलं आत गेली. शर्वरीनं या खेपेला एकही शब्द पुढे केला नाही.

“त्याला... सांग... राहू दे.” बाईंनी श्वास घेतला. “आणि... पोरीला... एकदा... माझ्याकडे आण.”

“इथं? पण तुम्ही तिला शिकवणार कसं, बाई?”

“शिकवणार... नाही.”

...

“आम्ही... दोघी... गप्प बसू.”