वानर आणि सावरीचा ओंडका

शके १८९४, फाल्गुन महिना. शिशिर सरत आला होता आणि पळस-सावर सोडल्यास एकाही झाडावर रंग उरला नव्हता. अशा त्या जंगलात वानरांची एक टोळी राहत असे. (वानराचे तोंड काळे असते, लाल तोंडाच्या माकडाशी बालवाचकांनी त्याची गल्लत करू नये.) टोळीची रीत अशी होती की, नवे पिल्लू जन्मले म्हणजे ते माद्यांच्या हातोहाती फिरे. एखादी अल्लड वानरी त्याला चक्क उलटे धरी, तरी तिला कुणी रागावत नसे. शिकेल हळूहळू, म्हणत. नरांनी मात्र दूर बसून पहारा करायचा.

त्यांतल्या एका तरण्या वानराचे पहाऱ्यात चित्त नसे. मानेखाली एक हात, पाठीखाली दुसरा, हे त्याने दुरूनच पाहून ठेवले होते. अखेर सावरीचा एक हलका ओंडका उचलून तो छातीशी धरून बसू लागला.

"काय रे, दूध पितो का तुझा ओंडका?" सोबती विचारत.

"पीत नाही, पण रडतही नाही," तो म्हणे, आणि ओंडका हळूच दुसऱ्या खांद्यावर घेई.

एकदा धीर करून तो टोळीतल्या वृद्ध वानरीकडे गेला. "आजी, क्षणभर द्याल का पिल्लू?"

"नराचे हात फांद्या गदगदा हलवण्यासाठी असतात, बाळा. पिल्लू सांभाळणे तुमच्या रक्तातच नाही."

"फांद्याच हलवत आलो, आजी. दुसरे काही हाती कुणी दिलेच नाही."

वृद्ध वानरीने तोंड फिरवले.

एके सायंकाळी पाणवठ्यावर बिबट्या आला. इशारा होताच सारी टोळी शेंड्यांकडे धावली. त्या गडबडीत अल्लड वानरीच्या हातून पिल्लू निसटले आणि खालच्या फांदीला लोंबकळू लागले. सर्वांत जवळ तरणा वानरच होता. हात मोकळे करण्यासाठी त्याने ओंडका सोडून दिला. ओंडका वाळक्या पाचोळ्यात धाडकन पडला. बिबट्याने त्या आवाजावर झेप घेतली, आणि तेवढ्यात वानराने पिल्लू उचलून शेंडा गाठला. त्याच्या छातीशी ते निजून गेले. आई आली तेव्हा त्याने ते निमूटपणे परत दिले. आता त्याच्यापाशी ओंडकाही नव्हता. कितीतरी दिवस तो रिकामे हात मांडीवर ठेवून बसे.

शके १८९५च्या वर्षप्रतिपदेस टोळीत आणखी एक पिल्लू जन्मले. हातोहात फिरत ते वृद्ध वानरीकडे आले. ते घेऊन ती सावकाश तरण्या वानराच्या फांदीवर उतरली.

"मानेखाली हात धर," ती म्हणाली.

"ठाऊक आहे, आजी."

"ठाऊक आहे म्हणूनच आणले." आणि तिने ते त्याच्या हाती दिले.

तात्पर्य : जे काम कुणाच्या हाती कधी दिलेच नाही, ते त्याच्या रक्तात नाही असे म्हणू नये.