घळेवाडीचा सातवा हात

खिंडीला अजून नावही पडलं नव्हतं, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. खिंडीच्या तोंडाशी घळेवाडी होती, चाळीस उंबऱ्यांची. तिच्या मागे पठारावर सहा गावं, सगळी तिच्याहून मोठी. दर सुगीला घाटाखालून लुटारू घोडेस्वार यायचे आणि पहिला दणका घळेवाडीला बसायचा.

शेवटी सातही गावांनी खंडोबापुढे शपथ घेतली. एकावर चालून आला, तो सातांवर आला. भंडाऱ्याचं ताट, म्हणजे तळी, सात गावांच्या सात हातांनी उचलली. लढाईला निघतानाही अशीच उचलायची आणि मगच पाऊल टाकायचं, असं ठरलं. थोरल्या गावच्या देशमुखांनी घळेवाडीच्या म्हाळू पाटलांना शब्द दिला, "दोन दिवस कळ काढा. तिसऱ्या दिवशी आम्ही खिंडीत." देशमुख लबाड नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्यांना कुणीतरी लबाड लागतोच.

पण कळ काढायची कशाच्या जोरावर? गावाला नुसतं काट्यांचं कुंपण. तेव्हा दुरगव्वा आली. वडारांतली, दगड फोडणारी, मागेपुढे कुणी नसलेली. कुंपण बघून ती हसली. "पाटील, ह्येला बकरी बी भीत न्हाई."

तिने भिंत बांधायला घेतली. सहा गावांनी बैल दिले, पहारी दिल्या, सल्ले तर विचारूच नका. दुरगव्वाने हाक मारली की डोंगरावरचा धोंडा आपणहून गडगडत खाली यायचा, असं म्हणतात. तरी दगड कमी पडला, तेव्हा बायकांनी पाटे-वरवंटे आणि दळायची जातीसुद्धा भिंतीला दिली. गाव दाणे उकडून खाऊ लागलं.

सुगी आली आणि घोडेस्वार आले. पाटलांनी टेकडीवर धूर केला. दुपारपर्यंत सहाही गावांचे लोक भाले घेऊन थोरल्या गावच्या देवळात जमले. तळी भरली. सहा हात लागले. सातवा कुठे आहे?

गुरव म्हणाला, "घळेवाडीचा हात लागल्याशिवाय तळी उठायची नाही."

आणि घळेवाडी तर भिंतीवर होती! शपथ घेताना हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. देवाची शपथ मोडायची छाती कुणाला झाली नाही. शूर माणसं भाले मांडीवर घेऊन बसून राहिली. दोन दिवस गेले. तिसराही गेला. मला आजही ते सांगताना संताप येतो.

शेवटी सातवा हात मागायला देवळातून धाडलेला बिरू धनगर चौथ्या दिवशी सकाळी मागच्या कड्याच्या वाटेने घळेवाडीत पोचला. भिंतीवर अकराजण उरले होते. निरोप ऐकून पाटलांनी ते अकराजण एकेक करून पाहिले. "एक माणूस उतरला तरी भिंत जाईल रे. कुणाला देऊ?"

दुरगव्वाचा उजवा हात आदल्या दिवशी धोंड्याखाली चिरडला होता. बिरू म्हणाला, "मावशे, तूच चल की."

"डावा अजून धोंडा उचलतोय. मला सवड न्हाई." तिने कुऱ्हाड मागितली. "उजवा न्या."

ती ओरडली नाही, पाटील ओरडले, असं म्हणतात. मग त्यांनी आपला पटका सोडून बिरूला दिला. "सांग त्यांना, दुरगव्वाचा हात म्हणजे गावाचा हात."

देवळात तो पटका उघडला आणि गुरवाने तो हात तळीला लावला. तळी उठली आणि सहा गावं धावत सुटली. त्यांची धूळ बघून घोडेस्वार पळाले. भिंत अजून उभी होती. वर दोघंच जिवंत होते. त्यांत पाटील नव्हते, दुरगव्वाही नव्हती. तिचा देह एका खिंडारात पाठ अडवून बसलेला होता, डाव्या हातात धोंडा. काही केल्या तो तिच्या हातातून सुटेना. म्हणून तिला धोंड्यासकट तिथेच भिंतीत बसवलं, असं म्हणतात.

तेव्हापासून जत्रेत सहा गावं सहाच हातांनी तळी उचलतात, कुणाची वाट न बघता. सातव्या बाजूला तळी कलते, भंडारा सांडतो. घळेवाडीची माणसं देवळात येत नाहीत, त्या दिवशी ती भिंतीवर असतात. सांडलेला भंडारा ओंजळीत घेऊन देशमुखांच्या घरातला एकजण अनवाणी खिंडीपर्यंत पळत जातो. तो कितीही लवकर पोचला, तरी भिंतीवरून एक म्हातारी त्याला विचारते, "एवढा उशीर का केला, बाबा?"

त्याने मान खाली घालायची, उत्तर द्यायचं नाही, अशी रीत आहे.